हलणाऱ्या बारीक सॅम्पलसाठी फास्ट लेझर स्कॅनिंग मायक्रोस्कोप डिझाइन करायचाय? मग स्कॅनर सगळ्यात शेवटी निवडा

फास्ट मायक्रोस्कोप बनवायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी स्कॅनरचे (बीम फिरवणाऱ्या मिररचे) कॅटलॉग उघडून बसतात, ८ किलोहर्ट्झ घेऊ की १२ किलोहर्ट्झ, की पॉलिगॉन (अनेक बाजूंचा फिरणारा आरसा) लावू, आणि तिथेच खरी गडबड होते. मिरर फास्ट मिळतो हो, तो प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. अडतं ते प्रकाशापाशी, म्हणजे एका पिक्सेलवर बीम जेवढा वेळ थांबतो तेवढ्या वेळात सॅम्पलमधून पुरेसे फोटॉन निघतात का, इथे. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम उलटा आहे: आधी सॅम्पल, मग फोटॉन, मग किती लायनी स्कॅन करायच्या ते, आणि त्यानंतर स्कॅनर. हे सगळं पॉइंट स्कॅनिंगबद्दल आहे, म्हणजे कॉन्फोकल (फोकसबाहेरचा प्रकाश छिद्राने अडवणारं) किंवा टू-फोटॉन (दोन फोटॉन एकदम शोषले तरच रेणू उजळतो असं), जिथे एकच फोकस केलेला ठिपका सॅम्पलवरून फिरवतात. मार्व्हिन मिन्स्कीने कॉन्फोकलचं पेटंट १९५७ साली दाखल केलं तेव्हा त्याच्या रचनेत बीम स्थिर आणि सॅम्पलच हलत होतं. आपल्याला आता नेमकं उलट करायचंय, सॅम्पल स्वतःच पळतंय आणि बीमने त्याला गाठायचंय.

पायरी १: सॅम्पल किती पळतं ते कागदावर मांडा

अंदाजाने "खूप फास्ट" म्हणून चालत नाही, आकडा पाहिजे. ई. कोलाय साधारण सेकंदाला २० ते ३० मायक्रॉन पोहतो. क्लॅमिडोमोनास हे १० मायक्रॉनचं शैवाल १०० मायक्रॉनच्या आसपास. पॅरामेशियम तर सेकंदाला १ मिलिमीटरच्या घरात. आणि काहीच पोहत नसलं तरी ब्राउनियन हालचाल आहेच, १०० नॅनोमीटर व्यासाचा कण पाण्यात सोडला तर सेकंदाच्या तिसाव्या भागात तो एका अक्षावर सरासरी अर्धा मायक्रॉन सरकलेला असतो, म्हणजे तुमच्या रिझोल्यूशनपेक्षा जास्त.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं डिझाइन यावर उभं आहे. कॅमेऱ्यात वस्तू हलली की ती पुसट होते, कारण सगळे पिक्सेल एकाच वेळी उघडे असतात. लेझर स्कॅनिंगमध्ये तसं होत नाही, प्रत्येक पिक्सेल शंभरेक नॅनोसेकंदांत उरकतो त्यामुळे चित्र धारदारच येतं पण आकार चुकीचा येतो. वरच्या लायनीला प्राणी एका जागी होता आणि खालच्या लायनीपर्यंत पोचेस्तोवर तो पुढे गेला. चित्र इतकं छान दिसतं की ते खोटं आहे हे लक्षातच येत नाही, आणि मला विचाराल तर पुसट चित्रापेक्षा हे जास्त घातक आहे.

किती वाकडं होणार ते काढायला फ्रेम रेट नाही, स्लो अक्षाचा वेग बघायचा, म्हणजे एकेक लाइन संपवत बीम वरून खाली किती वेगाने जातो तो (लाइन ज्या दिशेने काढली जाते तो फास्ट अक्ष). समजा ५१२ लायनी, दोन लायनींमध्ये ०.२ मायक्रॉन, आणि एक लाइन ६२.५ मायक्रोसेकंदांची. म्हणजे ३२ मिलिसेकंदांत १०२ मायक्रॉन, स्लो अक्षाचा वेग झाला सेकंदाला ३.२ मिलिमीटर. क्लॅमिडोमोनासचा वेग याच्या ३ टक्के आहे, म्हणजे आकारात चूक ३ टक्क्यांची, आणि ती बहुतेक कामांना चालून जाते. याचा अर्थ सेकंदाला ३० फ्रेमलाच त्याचा आकार नीट येतो, उगाच २०० फ्रेमच्या मागे लागायची गरज नाही! पॅरामेशियमचं मात्र तसं नाही. तो स्कॅनच्याच दिशेने पोहत असेल तर चित्रात जवळजवळ दीडपट लांब दिसेल, उलट दिशेने असेल तर पाऊणपट, आणि फास्ट अक्षाच्या दिशेने चालला असेल तर साधारण १७ अंशांनी तिरका झालेला दिसेल.

माझा साधा नियम असा की स्लो अक्षाचा वेग सॅम्पलच्या वेगाच्या किमान २० पट ठेवायचा. तो जमत नसेल तर किमान सॅम्पलचा वेग वेगळा मोजून चित्र नंतर सरळ करता येईल अशी सोय ठेवायची.

याच पायरीवर अजून एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला जागा बदलणं बघायचंय की आतलं काहीतरी? क्लॅमिडोमोनासचे फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) सेकंदाला साधारण ५० वेळा हलतात. एका फेरीचे दहा फोटो पाहिजेत तर ५०० फ्रेम लागतील, म्हणजे शरीराला ३० पुरले आणि फ्लॅजेलाला ५०० लागले, प्राणी तोच. आणि सॅम्पल हळू करणं शक्य असेल तर लाजू नका, मिथाइल सेल्युलोजने पाणी घट्ट करणं, अरुंद मायक्रोफ्लुइडिक चॅनेल, लो-मेल्टिंग अगारोज, हे सगळं मायक्रोस्कोप फास्ट करण्यापेक्षा खूप स्वस्तात होतं. फक्त पोहण्याचाच अभ्यास करायचा असेल तर अर्थातच हा रस्ता बंद.

पायरी २: फोटॉनचा हिशोब

हा भाग लोक टाळतात आणि नंतर काळी चित्रं घेऊन बसतात.

८ किलोहर्ट्झचा रेझोनंट मिरर, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपल्याच लयीत झुलणारा आरसा, जाताना एक आणि येताना एक अशा सेकंदाला १६,००० लायनी देतो. लाइन ६२.५ मायक्रोसेकंदांची पण ती सगळी वापरता येत नाही, कारण मिरर साइन वेव्हसारखा हलतो आणि टोकाला जाऊन जवळजवळ थांबतो. रुंदीचा मधला ९० टक्के भाग घेतला तर वेळेचा फक्त ७१ टक्के भाग हाताला लागतो, म्हणजे ४४.६ मायक्रोसेकंद. त्यात ५१२ पिक्सेल बसवले की मधल्या पिक्सेलला सुमारे ७० नॅनोसेकंद मिळतात आणि कडेच्या पिक्सेलला १६० च्या आसपास.

आता ७० नॅनोसेकंदांत एक फ्लोरेसंट रेणू किती वेळा उजळू शकतो? लाइफटाइम, म्हणजे रेणू उत्तेजित राहण्याचा सरासरी वेळ, ४ नॅनोसेकंद धरा. पूर्ण सॅच्युरेट केला तरी १७-१८ वेळा, आणि तसं कुणी करत नाही कारण रेणू लगेच जळतात किंवा ट्रिप्लेट अवस्थेत (जिथे ते काही काळ उजळत नाहीत) जाऊन बसतात. व्यवहारात समजा दहा टक्के वेळ तो उत्तेजित अवस्थेत ठेवला तर एका पिक्सेलला पावणेदोन फोटॉन सुटले, आणि त्यातले डिटेक्टरपर्यंत पोचून मोजले जाणारे दोन टक्के धरले तर ०.०३५. म्हणजे फोकसमध्ये ५०० रेणू असतील तेव्हा कुठे १७ फोटॉन. सिग्नल-टू-नॉइज म्हणजे फोटॉनच्या संख्येचं वर्गमूळ, १७ चं वर्गमूळ ४ पेक्षा जरा जास्त. चित्र दिसेल, पण दाणेदार दिसेल.

टू-फोटॉनमध्ये हे अजून स्पष्ट कळतं. डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांनी १९९० मध्ये टू-फोटॉन स्कॅनिंग दाखवल्यापासून नेहमीचा लेझर म्हणजे ८० मेगाहर्ट्झच्या आसपास पल्स देणारा, दोन पल्समध्ये १२.५ नॅनोसेकंद. मधल्या पिक्सेलला ७० नॅनोसेकंद म्हणजे पाच-सहा पल्स. एका पल्समध्ये एक रेणू जास्तीत जास्त एकदाच उत्तेजित होतो, त्यामुळे एका रेणूकडून पाच-सहाच्या वर फोटॉन मिळणारच नाहीत, मिरर कितीही भारी घ्या. पिक्सेलला एकच पल्स उरेल इतका वेग वाढवला की तिथे ही पद्धत संपली, त्यापुढे एकापेक्षा जास्त बीम किंवा कॅमेरा.

म्हणून या पायरीवर ठरवायचं: एका पिक्सेलला किती फोटॉन हवेत, लेबलिंग किती दाट आहे, आणि सॅम्पल किती पॉवर सहन करेल. हिशोबात एक-दोन फोटॉनच येत असतील तर वेग विसरा, आधी लेबलिंग सुधारा, जास्त एनएचं (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे किती रुंद कोनातला प्रकाश गोळा होतो ते) ऑब्जेक्टिव्ह घ्या, डिटेक्शनच्या वाटेतले फालतू फिल्टर आणि लेन्स काढा. वाटेत वाचवलेला प्रकाश म्हणजे फुकटात मिळालेला वेग.

पायरी ३: लायनी कापा

वेग वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच, आणि तरी सगळे ५१२ गुणिले ५१२ लाच चिकटून बसतात. १६,००० लायनी ही तुमची सेकंदाची एकूण कमाई आहे, ती कशी खर्च करायची ते तुम्ही ठरवा. ५१२ लायनी घेतल्या आणि मिरर वर परत न्यायला २० लायनींचा वेळ धरला, तर ३० फ्रेम. १२८ लायनी घेतल्या तर त्याच हार्डवेअरवर १०० च्या वर.

आता परत जायला लागणारा वेळ, फ्लायबॅक, तो लहान फ्रेममध्ये अंगावर येतो. गॅल्व्होला (दिलेल्या सिग्नलप्रमाणे हलणाऱ्या, स्लो अक्षाच्या मिररला) मागे यायला एक-सव्वा मिलिसेकंद लागतो असं धरा, ३३ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये ते कळतही नाही, पण ५०० फ्रेमला पूर्ण फ्रेमच २ मिलिसेकंदांची आहे, त्यातली निम्म्याहून जास्त फ्लायबॅकमध्येच गेली. अशा वेळी करवती आकाराचा सिग्नल सोडून त्रिकोणी सिग्नल द्यायचा, खाली जाताना एक फ्रेम आणि वर येताना एक फ्रेम. यात एक गोम आहे, मधल्या लायनीला सॅम्पल समान अंतराने दिसतं पण वरच्या-खालच्या कडेला वेळेचं अंतर एकदा लहान एकदा मोठं असं येतं, त्यामुळे फ्लॅजेलाची फ्रिक्वेन्सी वगैरे काढताना प्रत्येक लायनीची खरी वेळ वापरा, फ्रेम नंबर नको.

अजून एक युक्ती. पिक्सेल चौकोनीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? स्लो अक्षावर लायनींमधलं अंतर ०.२ ऐवजी ०.४ मायक्रॉन केलं की स्लो अक्षाचा वेग दुप्पट, सेकंदाला ६.४ मिलिमीटर, आकारातली चूक निम्मी. त्या दिशेचं रिझोल्यूशन जातं हे खरं, पण ज्याचा आकारच वाकडा येतोय त्याचं बारीक रिझोल्यूशन घेऊन करायचं काय. इंटरलेसिंग, म्हणजे आधी विषम लायनी मग सम लायनी, हे मात्र हलत्या सॅम्पलला अजिबात करू नका, सगळ्या कडा दातेरी होतात.

एकाच दिशेने वाहणारं काही असेल, केशिकेतल्या रक्तपेशींसारखं, तर फ्रेमच सोडून द्या आणि प्रवाहाच्या दिशेने एकच लाइन परत परत स्कॅन करा. वेळ आणि जागा असा आलेख येतो, तिरक्या रेषा दिसतात, त्यांचा उतार म्हणजे वेग. सेकंदाला १६,००० वेळा मोजमाप, आणि त्याला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पायरी ४: आता स्कॅनर

साधा गॅल्व्हो: हवा तसा सिग्नल द्या, हव्या त्या कोनात थांबवा, पण नीट रेषीय लायनी सेकंदाला एक-दोन हजारांच्या वर जात नाहीत, मिररला वजन आहे आणि त्याला उलटं फिरवायला टॉर्क लागतो. स्लो अक्षाला हाच.

रेझोनंट: ४, ८ किंवा १२ किलोहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी ठरलेली, बदलता येत नाही, फक्त कोन कमी-जास्त होतो. फ्रिक्वेन्सी जेवढी जास्त तेवढा मिरर लहान किंवा कोन लहान, हा सौदा टळत नाही. बहुतेकांनी ८ किलोहर्ट्झ घ्यावा असं माझं मत, १२ मध्ये वेग दीडपट होतो पण कोन बराच आकसतो आणि फोटॉन तर आधीच कमी पडतायत.

पॉलिगॉन: ३६ बाजूंचा, सेकंदाला ५०० फेऱ्या, म्हणजे १८,००० लायनी, वेग एकसारखा आणि दिशा एकच. ऐकायला झकास. पण प्रत्येक बाजूचा कोन किंचित वेगळा असल्यामुळे लायनी वर-खाली हलतात, आणि झूम करता येत नाही. झूम नसलेला मायक्रोस्कोप संशोधनात फार दिवस वापरवत नाही.

एओडी म्हणजे अकूस्टो-ऑप्टिक डिफ्लेक्टर: यात हलणारं काहीच नाही, क्रिस्टलमधल्या ध्वनिलहरीवरून बीम वळतो. टेल्युरियम डायऑक्साइडमध्ये ती लहर सेकंदाला साधारण ६५० मीटरने जाते, त्यामुळे १० मिलिमीटरचं अपर्चर ओलांडायला १५ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात बीम कुठूनही कुठेही. बँडविड्थ ४० मेगाहर्ट्झ धरली तर वेगळे ओळखता येणारे ठिपके ४० गुणिले १५, म्हणजे ६००. मोजक्या २०-३० जागांवर उड्या मारत मोजायचं असेल तर याला तोड नाही. पण फेम्टोसेकंद पल्स यात पसरतात, त्याची भरपाई करावी लागते, आणि सॅम्पल पळून गेलं तर तुम्ही रिकाम्या जागेवर मोजत बसता.

पहिल्यांदा बनवत असाल तर ८ किलोहर्ट्झ रेझोनंट फास्ट अक्षाला आणि गॅल्व्हो स्लो अक्षाला, बस.

पायरी ५: ऑप्टिक्सचं गणित

इथे एकच नियम लक्षात ठेवा, बीमचा व्यास गुणिले कोन हा गुणाकार वाटेत कुठेही बदलत नाही. उदाहरणच घेऊ. ४०एक्स, ०.८ एनए, वॉटर डिपिंग ऑब्जेक्टिव्ह, १८० मिलिमीटर ट्यूब लेन्सच्या सिस्टिमचं. फोकल लेंथ १८० भागिले ४०, म्हणजे ४.५ मिलिमीटर. बॅक अपर्चर (ऑब्जेक्टिव्हचं मागचं तोंड) दोन गुणिले एनए गुणिले फोकल लेंथ, ७.२ मिलिमीटर. फिल्ड २५० मायक्रॉन हवं, म्हणजे मधून दोन्ही बाजूंना १२५, त्यासाठी ऑब्जेक्टिव्हमध्ये बीम १.६ अंशांनी तिरका शिरला पाहिजे. मिररवर बीम ४ मिलिमीटरचा ठेवला तर तो १.८ पट मोठा करायचा, म्हणजे स्कॅन लेन्स १०० आणि ट्यूब लेन्स १८०. आणि कोन १.८ पट जास्त लागणार, मिररवर २.९ अंश ऑप्टिकल, पण मिरर जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट बीम वळतो म्हणून मेकॅनिकल १.४५ च्या आसपास. आपण मधला ९० टक्केच वापरणार म्हणून पूर्ण झोका मधून एका बाजूला १.६ अंशांचा, मेकॅनिकल. हा आकडा स्कॅनरच्या डेटाशीटमध्ये बसतो का ते बघायचं, आणि बघताना तिथे मेकॅनिकल कोन दिलाय की ऑप्टिकल, एका बाजूचा की टोकापासून टोकापर्यंतचा, हे दोनदा वाचा. यात चार पटींचा घोळ होऊ शकतो.

रिझोल्यूशन ५२० नॅनोमीटरला ०.६१ गुणिले ५२० भागिले ०.८, सुमारे ४०० नॅनोमीटर, म्हणून पिक्सेल ०.२ मायक्रॉन. वरचे सगळे हिशोब याच पिक्सेलवर केले होते. १०० मायक्रॉन बघायचे असतील तेव्हा झोका कमी करायचा.

मिररची प्रतिमा बरोबर ऑब्जेक्टिव्हच्या बॅक अपर्चरवर पडली पाहिजे, म्हणजे बीम तिथे कोन बदलतो पण जागा सोडत नाही. दोन मिरर आहेत आणि दोघांचीही प्रतिमा तिथे हवी, त्यासाठी मधे रिले (एका मिररची प्रतिमा दुसऱ्यावर नेणारी जोडी) लावा. लेन्सचा रिले चालतो, पण फेम्टोसेकंद लेझरला गोलाकार आरशांचा बरा, डिस्पर्शन (त्यामुळे पल्स पसरतात) वाढत नाही. जागा नसेल तर दोन्ही मिरर अगदी जवळ ठेवून मधल्या बिंदूचीच प्रतिमा बॅक अपर्चरवर पडते असं धरतात, लहान फिल्डला चालतं. तपासायला ऑब्जेक्टिव्ह काढून त्या जागी पांढरा कार्ड धरा आणि स्कॅन चालू ठेवा. ठिपका सरकला तर लेन्सचं अंतर चुकलंय, दुरुस्त करा आणि मगच पुढे जा, नाहीतर कडेला चित्र अंधारं होणार आणि तुम्ही महिनाभर डिटेक्टरला दोष देत बसणार.

पायरी ६: टायमिंग, इथेच सगळे अडकतात

रेझोनंट मिररला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, त्याच्या तालावर बाकी सगळ्यांनी नाचायचं. त्याची फ्रिक्वेन्सी तापमानाबरोबर थोडी सरकते, झोका बदलला की फेज (सिंक सिग्नल आणि मिररची खरी जागा यांच्यातलं वेळेचं अंतर) बदलतो. त्यामुळे मास्टर क्लॉक म्हणजे मिररचा सिंक सिग्नल, आणि गॅल्व्हो, डिजिटायझर (सिग्नलचे आकडे करणारं कार्ड), पॉवर कंट्रोल हे सगळे त्यावरून ट्रिगर. कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअर टायमरवर हे काम सोडू नका, एफपीजीए (हवं तसं प्रोग्राम करता येणारी चिप) किंवा हार्डवेअर ट्रिगर असलेलं कार्डच पाहिजे.

दोन्ही दिशांनी स्कॅन करताना सम आणि विषम लायनी एकमेकींपासून सरकतात आणि कडा कंगव्यासारख्या दिसतात, हे सगळ्यांनी बघितलंय. कारण असं: वेळेत थोडी चूक झाली तर जातानाची लाइन एका बाजूला सरकते आणि येतानाची दुसऱ्या बाजूला, म्हणून फरक दुप्पट. मधे पिक्सेल ७० नॅनोसेकंदांचा आहे, म्हणजे फक्त ३५ नॅनोसेकंदांच्या चुकीला पूर्ण एक पिक्सेलचा फरक. कोॲक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, ७ मीटरची केबल लावली की तेवढ्यानेच चित्र दातेरी! लांबी ठरल्यावर केबल बदलायची नाही, आणि प्रत्येक झूमला फेजचा आकडा वेगळा साठवून ठेवायचा. मिरर चालू केल्यावर तो गरम होऊन स्थिरावेपर्यंत थांबा, मगच हा आकडा घ्या. सॅम्पल हलतं असेल तर फेज त्यावर ॲडजस्ट करू नका, हालचालीमुळे आलेला तिरकेपणा तुम्ही फेजमध्ये लपवून टाकाल, स्थिर स्लाइडवरच करा.

साइन वेव्ह सरळ करायला लुकअप टेबल वापरा, डिजिटायझरचं कोणतं मोजमाप कोणत्या पिक्सेलमध्ये जाणार ते आधीच काढून ठेवायचं. मधल्या पिक्सेलमध्ये कमी मोजमापं पडतात आणि कडेला दुपटीहून जास्त, म्हणून बेरीज न करता सरासरी घ्या. पण सरासरीने चित्राचा उजेड सारखा झाला तरी कडेला सॅम्पलवर प्रकाश जास्तच पडतोय, टोकाला तर बीम जवळजवळ उभा असतो. तिथे पॉकेल्स सेल किंवा एओएमने (दोन्ही लेझरची पॉवर झटक्यात कमी-जास्त करतात) लेझर बंद करा.

आणि इंटरलॉक. रेझोनंट मिरर काही कारणाने थांबला तर तो मधेच थांबतो, बीम एकाच बिंदूवर, सॅम्पल तर गेलंच पण क्लास ४ लेझर असेल तर डोळ्यांचाही प्रश्न आहे, त्यात इन्फ्रारेड असेल तर दिसतही नाही. सिंक सिग्नल गेला की शटर बंद, हे हार्डवेअरमध्येच करा.

पायरी ७: डिटेक्टर आणि अँप्लिफायर

गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड कॅथोडचा पीएमटी (फोटोमल्टिप्लायर ट्यूब, अंधुक प्रकाश मोजणारा डिटेक्टर) हिरव्या रंगाला ४० टक्क्यांच्या आसपास क्वांटम एफिशिएन्सी देतो, सुरुवातीला तोच घ्या. अँप्लिफायरची बँडविड्थ मात्र विचार करून. ती कमी पडली तर प्रत्येक तेजस्वी ठिपक्याला फास्ट अक्षावर शेपूट फुटतं, आणि दोन दिशांच्या लायनीत ती शेपटं उलट्या बाजूंना. ७० नॅनोसेकंदांच्या पिक्सेलला १० ते २० मेगाहर्ट्झ ठीक. टू-फोटॉनमध्ये डिजिटायझरचा क्लॉक लेझरच्याच पल्सवरून घ्यायचा असेल, जे खरंच करावं, तर अँप्लिफायर त्याहून बराच फास्ट लागेल.

फोटॉन काउंटिंगचा मोह होतो. पण पिक्सेलला पाचच पल्स आणि पल्सला एकच मोजता येतो म्हटल्यावर पाचच्या वर आकडा जाणारच नाही, उजळ भाग सपाट होतात. फार अंधुक सॅम्पल असेल तरच, नाहीतर ॲनलॉग.

डेटाची भीती बाळगू नका, ५१२ गुणिले ५१२, १६ बिट, ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला १६ एमबीच्याही आत. कच्चा सिग्नल साठवायला गेलात तर मात्र १२५ मेगासॅम्पलला सेकंदाला २५० एमबी, म्हणून पिक्सेल कार्डवरच बनवा.

पायरी ८: सॅम्पल वर-खाली गेलं तर?

बारीक प्राणी काय तुमच्या प्लेनमध्येच पोहणार नाही. सेकंदाला ३० फ्रेम असताना २० प्लेन घेतले तर सेकंदाला दीड व्हॉल्यूम, काही उपयोगाचा नाही. १२८ लायनी आणि १० प्लेन केले की ११ पर्यंत जातं, बऱ्याच कामांना पुरतं. पण ऑब्जेक्टिव्ह पिझोवर (व्होल्टेजने बारीक हलणाऱ्या बैठकीवर) बसवून इतक्या वेगाने हलवलं तर ते वजनदार असतं, मागे पडतं, आणि वॉटर डिपिंग असेल तर पाण्यात लाटा उठवून सॅम्पलच हलवतं. इलेक्ट्रिकली ट्यून होणारी लेन्स काही मिलिसेकंदांत फोकस बदलते, पाण्याला हात न लावता, पण खोलीबरोबर ॲबरेशन (फोकस बिघडवणारा लेन्सचा दोष) वाढतं. बॉचरबी, विल्सन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये २००७ साली दाखवलेलं रिमोट फोकसिंग ॲबरेशनच्या बाबतीत सगळ्यात चांगलं, दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हखाली एक छोटा आरसा हलवायचा, आणि त्याची प्रतिमा सॅम्पलमध्ये फोकस बदलते. जुळवायला वेळखाऊ आहे, पहिल्या आवृत्तीत घालू नका, फक्त जागा सोडून ठेवा.

सेकंदाला ५० व्हॉल्यूम वगैरे हवेत असा तुमचा हिशोब आला तर प्रामाणिकपणे सांगतो, पॉइंट स्कॅनिंग सोडा. लाइट शीट, स्पिनिंग डिस्क, किंवा हिलमन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलेल्या स्केपसारखी तिरक्या शीटची रचना, यात हजारो पिक्सेल एकाच वेळी प्रकाश गोळा करतात त्यामुळे दुसऱ्या पायरीतला फोटॉनचा हिशोबच बदलतो. सॅम्पल जाड आणि धुरकट असेल, प्रकाश विखुरत असेल, तरच पॉइंट स्कॅनिंगला, त्यातही टू-फोटॉनला, पर्याय नाही.

पायरी ९: हलत्या गोष्टीवर टेस्ट करा

सगळे जण स्थिर बीड्सवर (बारीक फ्लोरेसंट मण्यांवर) पीएसएफ, म्हणजे एका बिंदूची प्रतिमा किती पसरते ते, मोजून खूश होतात. तेही करा, १०० नॅनोमीटरचे बीड्स, आणि फिल्डभर अंतरं सारखी येतात का बघायला ग्रिड स्लाइड. त्यानंतर एकसारखी फ्लोरेसंट प्लास्टिक स्लाइड घेऊन पॉवर बदलत चित्रं काढा, सरासरी आणि व्हेरियन्सचा आलेख काढा, सरळ रेष आली की तिच्या उतारावरून एका फोटॉनला किती काउंट ते कळतं, आणि मग दुसऱ्या पायरीतला तुमचा फोटॉनचा अंदाज खरा होता का तेही.

पण खरी परीक्षा म्हणजे बीड्सची स्लाइड मोटराइज्ड स्टेजवर ठेवून माहीत असलेल्या वेगाने हलवणं. स्लो अक्षाच्या दिशेने १०० मायक्रॉनचा वेग द्या, मग तोच उलट दिशेने. दोन बीड्समधलं अंतर एका वेळी ३ टक्के जास्त आणि एका वेळी ३ टक्के कमी आलं पाहिजे. १ मिलिमीटरला दीडपट आणि पाऊणपट. हे जुळलं की तुमचा स्लो अक्षाचा वेग तुम्हाला खरंच माहीत आहे आणि चित्र सरळ करायचा कोड बरोबर आहे. नाही जुळलं तर बहुतेक गॅल्व्हो सिग्नलच्या मागे राहतोय, त्याचा पोझिशन आउटपुट रेकॉर्ड करून बघा.

मग जिवंत सॅम्पल. पहिल्यांदा लेझर बंद ठेवून, लाल उजेडात साध्या कॅमेऱ्याने त्याचा पोहण्याचा वेग मोजा, नंतर लेझर स्कॅन चालू करून परत मोजा. क्लॅमिडोमोनाससारख्या जीवाला निळा-हिरवा प्रकाश दिसतो, त्याच्याकडे चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रकाश ओळखणारं प्रथिन आहे, ४८८ नॅनोमीटरचा बीम अंगावरून गेला की तो दिशा बदलतो, दचकून मागेही जातो. दोन वेगांत फरक आला तर आधी पॉवर उतरवा, तरी फरक राहिला तर लांब तरंगलांबीचा लेझर आणि त्याला जुळणारं लेबल घ्या. त्या जीवाचं क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच चमकतं, तेव्हा डिटेक्शनचा फिल्टर त्या बाजूला जाणार नाही एवढं बघा.